कमळगडावर खंड्याबरोबर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांत बहुधा दोनच बेत ठरतात. एक, नानीच्या गावाला जाणे. दुसरा, कुणाच्या तरी लग्नाला जाणे. तिसरा बेत काढला की घरातली मोठी माणसं आधी आपली तब्येत विचारतात. यंदा मी म्हटलं, मे महिना तापायच्या आत एक दिवस कमळगड चढून येऊ या. तेव्हा सासूबाईंनी तसबीह बाजूला ठेवली आणि विचारलं, "वर काय आहे?" मी म्हटलं, "एक विहीर आहे." त्या म्हणाल्या, "विहीर तर आपल्या वाड्यातही होती."

कमळगड वाईच्या पश्चिमेला आहे. धोम धरणाचं पाणी डोंगरांमध्ये जिथे आत शिरतं, तिथे एका बाजूला कृष्णेचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला वाळकी नदीचं. या दोहोंच्या मधल्या रांगेवर हा गड उभा आहे. उंची सुमारे साडेचार हजार फूट. १८१८ साली आजूबाजूच्या इतर गडांबरोबर तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यानंतर तिथे कुणी लक्ष द्यावं असं काही घडलं नाही. गर्दी नाही, तिकीट नाही, वर चहाची टपरीही नाही. मला तो म्हणूनच आवडतो.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचं घर गडाच्या पायथ्याच्या एका वाडीत आहे. गेली कित्येक वर्षं ते "बाई, एकदा या की आमच्याकडं" म्हणत होते. शुक्रवारी जुमा झाल्यावर आम्ही चौघे निघालो. मी, मुलांचे अब्बा, दहावीच्या निकालाची वाट पाहत नखं कुरतडणारी थोरली आणि सहावीतला धाकटा. मुक्काम मामांच्या अंगणात होता.

आता धाकट्याविषयी थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात मक्तबच्या वाटेवर एका मुलाला कुत्रा चावला. त्या मुलाला सरकारी दवाखान्यात लस मिळाली, तो बरा झाला, आता क्रिकेटही खेळतो. पण आमचा धाकटा, ज्याला काहीच झालं नव्हतं, तो त्या दिवसापासून मक्तबला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. पुढे धुण्यासाठी त्याचे कपडे गोळा करताना खिशात दगड सापडायला लागले. एकट्या त्याच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या मुलांच्या खिशात असत. कुत्रा दिसला की दगड, मग तो झोपलेला का असेना. मोठी माणसं बघत आणि काही बोलत नसत. कुत्रा तर नापाक, त्याला हाकललं तर काय बिघडलं, असा एक समज आपल्याकडे मुरलेला आहे. नापाक असणं आणि दगड मारण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कुणी सांगत नाही. मी वर्गात सांगितलं होतं. वर्गात सांगितलेलं किती टिकतं, ते शिक्षकांना ठाऊक असतं.

त्यामुळे रात्री जेवताना मामा म्हणाले, "उद्या खंड्याला घिऊन जावा," तेव्हा धाकट्याचा घास हातातच राहिला.

खंड्या म्हणजे मामांचा कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. थोरली म्हणाली, "मामा, खंड्या तर पक्ष्याचं नाव आहे." मामा म्हणाले, "व्हय की. ल्हान असताना माशामागं वढ्यात उडी टाकायचा, म्हनून खंड्या." वाटा फुटतात तिथे चुकू नये आणि जंगलात गवा जवळपास असेल तर आधी कळावं, यासाठी ते कुत्रा देत होते. मीच जरा चौकशी केली. कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का? अनोळखी मुलांबरोबर कसा वागतो? खाताना त्याच्याजवळ गेलेलं चालतं का? मामांनी आतून पशुवैद्यकीय दवाखान्याचं कार्ड आणून दाखवलं आणि म्हणाले, "खाताना तेवढं लांब ऱ्हावा, बाई. मानसाचंबी तसंच असतंय." परक्याचा कुत्रा सोबत घ्यायचा असेल तर हे विचारायला लाजू नये. दात लागलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद आणि मिरची लावत बसायचं नाही.

फजरसाठी उठलो तेव्हा मामांच्या घरच्यांनी अंगणाचा एक कोपरा झाडून, सडा वाळवून, त्यावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. खंड्याला त्यांनी गोठ्याकडे बांधलं होतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सलाम फेरला तेव्हा उजाडायला लागलं होतं आणि खंड्या गोठ्याच्या उंबऱ्यावर पुढचे दोन्ही पाय पसरून आमच्याकडे बघत होता. आदल्या दिवशीच घरी सूरह कहफ पढली होती. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा कुत्राही असाच उंबऱ्याशी पाय पसरून होता, असा कुरआनात उल्लेख आहे. थोरलीच्याही ते लक्षात आलं असावं. तिने मला कोपराने ढोसलं आणि तिकडे बोट दाखवलं.

सहाला निघालो. खंड्याच्या गळ्यात दोर होता आणि दोर मुलांच्या अब्बांच्या हातात. धाकटा सगळ्यात मागे, माझी ओढणी धरून. पहिला अर्धा तास उघड्या उतारावरची चढण आहे. वाळलेलं गवत, पायाखाली घसरणारी खडी आणि दोन्ही बाजूंना करवंदांच्या जाळ्या. करवंदं नुकती काळी व्हायला लागली होती. थोरलीने ओंजळ भरली. करवंदाचा चीक ओठांना चिकटला की दिवसभर जात नाही, हे माझं माहेरचं, कोकणातलं ज्ञान. ते तिने ऐकलं नाही.

मग रान सुरू होतं. अंजनी, जांभूळ, हिरडा. झाडं दाट, वाट ओलसर नसली तरी थंड. पावशा ओरडत होता. इथे बरेच लोक कुत्रा मोकळा सोडतात. आम्ही दोर सोडला नाही. सशाच्या किंवा भेकराच्या मागे कुत्रा लागला तर आपण हाका मारत बसतो आणि रानातल्या जिवांना उगाच पळावं लागतं. शिवाय पाहुणा म्हणून आपण त्यांच्या घरी आलेलो असतो. वाटेत गोरखनाथाचं छोटं देऊळ लागलं, तिथे पाच मिनिटं टेकलो. खंड्या मध्येच थांबून नाक वर करायचा, कान (जो उभा राहतो तो) फिरवायचा आणि मग पुढे चालायचा. तो थांबला की आम्ही थांबायचो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा धाकटा माझी ओढणी सोडून दोन पावलं पुढे गेला. त्याला बघायचं होतं की खंड्याला काय दिसलं.

वर माचीवर झाडी सरते आणि सपाटी लागते. तिथे गवळी धनगरांचं घर आहे. शेणाने सारवलेलं अंगण, म्हशी, आणि दोन काळे कुत्रे, जे आम्हाला बघताच धावत सुटले. खरी परीक्षा इथे होती. मी धाकट्याला फक्त एवढंच म्हटलं, "पळू नकोस, हात खाली, डोळ्यांत बघू नकोस." त्याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, सकाळीच तपासला होता मी. घरातून आजी बाहेर आल्या, त्यांनी दोनच शब्द उच्चारले आणि दोन्ही कुत्रे शेपट्या खाली करून गोठ्यामागे गेले. "कुठलं पाव्हनं?" मग ताक आलं. मिठाचं, आंबूस, पितळी तांब्यातून. अशा ताकाला दुकानातलं कुठलंही सरबत पुरं पडत नाही.

आजींचे ते कुत्रे रात्री म्हशींच्या रेडकांना बिबट्यापासून राखतात. गुरं, शेत आणि शिकार यांच्यासाठी कुत्रा ठेवायला आपल्या दीनमध्ये मुभा आहे, हे आपण ऐकलेलं असतं. पण शहरातल्या मोहल्ल्यात राहून त्याचा अर्थ कळत नाही. त्या घरी कळला. तिथे कुत्रा नसेल तर रेडकू नसतं आणि रेडकू नसेल तर ताक नसतं. माझ्या सासूबाई म्हणतात की ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत. ती हदीस मीही मानते आणि आमच्या दोन खोल्यांत कुत्रा पाळायचा माझा कधीच विचार नाही. गोठ्याचा उंबरा मात्र वेगळी जागा आहे.

शेवटचा टप्पा कातळातला. हाताचा आधार घेत चढावं लागतं. मी स्कार्फ घट्ट बांधला आणि चढले. आपल्या भगिनींना एक सांगते, सलवार-कमीज आणि चांगले बूट एवढं पुरतं, चढायला वेगळा पोशाख लागत नाही. वर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पूर्वेला धोमचं पाणी, त्यापलीकडे पांडवगड. उत्तरेला केंजळगड आणि रायरेश्वरचं पठार. दक्षिणेला पाचगणी. पश्चिमेला कोळेश्वर, इतका जवळ की हाक मारावी.

आणि ती विहीर. सासूबाईंना दाखवायला हवी होती. ही वाड्यातल्यासारखी गोल विहीर नाही. गडमाथ्यावर कातळ उभा चिरलेला आहे आणि त्या चिरेत पायऱ्या खाली उतरतात, पन्नासाहून जास्त. जसजसं उतरावं तसतसा गारवा वाढतो आणि भिंती तांबड्या होत जातात, कारण आत गेरू आहे. कावेची विहीर म्हणतात तिला. तळाशी ओल होती, थोडं गढूळ पाणी. बाहेर ऊन भाजत असताना खाली अंगावर शहारा येत होता. भिंतीला हात लावला की तळवा लाल. थोरलीने आपल्या तळव्याचा ठसा भिंतीऐवजी स्वतःच्या वहीवर उठवला, हे मला बरं वाटलं. भिंतीवर नावं कोरणारे आपल्या आधी येऊन गेलेच होते.

धाकट्याने वर बघत विचारलं, "अम्मी, त्या हदीसमधला माणूस अशाच विहिरीत उतरला होता?" वाटेत तहानेने माती चाटणारा कुत्रा दिसला, म्हणून पुन्हा विहिरीत उतरून आपल्या पायताणात पाणी भरून आणणारा तो माणूस. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे, मक्तबमध्ये त्याने ती पाठ केलेली आहे. मी म्हटलं, "कदाचित." तो थोडा विचार करून म्हणाला, "नाही. त्या विहिरीला पायऱ्या नसणार. म्हणून तर त्याने ते तोंडात धरलं. हात वर चढायला लागले ना." इतकी वर्षं मी ही हदीस शिकवते, ते तोंडात का धरलं होतं हा प्रश्न मला पडला नव्हता.

खंड्याही खाली आला होता. ओल्या गेरूत चारही पाय बरबटवून तो वर आला आणि मी सावलीत बसले होते तिथे येऊन, प्रेमाने म्हणा किंवा करवंदांच्या वासाने म्हणा, त्याने दोन पाय माझ्या मांडीवर, पांढऱ्या ओढणीवर ठेवले. दोन लाल, ओले, ठसठशीत ठसे.

इथे आमच्या घरातला जुना वाद डोंगरावर पोचला. माझं माहेर कोकणातलं, म्हणून मी शाफई. सासर हनफी. मुलांचे अब्बा म्हणाले, "आमच्याकडे लाळ नापाक, अंग नव्हे. झटकून टाक, झालं." मी म्हटलं, "तुमच्याकडे झालं. आमच्याकडे ओल्या अंगाचा स्पर्श झाला की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने." ते हसत म्हणाले, "मातीची इथे कमतरता नाही." खरंच नव्हती. कमतरता पाण्याची होती. मी ओढणी गुंडाळून पिशवीत टाकली आणि दुसरी काढली. सलवारीला ओल लागली नव्हती, ते बरं झालं. घरी येऊन ओढणी रीतसर सात वेळा धुतली, एकदा मातीने. ठसे पुसट राहिले आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून आपापल्या मसलकाप्रमाणे वागावं. वीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढंच शिकलो आहोत की मसल्यावरून जेवण थंड होऊ द्यायचं नाही.

पाण्यासाठी मी एक सोय केली होती. घरून नारळाची करवंटी आणली होती. कुत्र्याला त्यात पाणी द्यायचं, आपल्या भांड्याचा प्रश्नच नाही. करवंटी मुलांच्या अब्बांनी चेष्टेचा विषय केली होती. तिचा उपयोग लवकरच झाला.

एव्हाना धाकट्याची भीती पार गेली होती, आणि भीती गेलेली मुलं अतिरेक करतात. माथ्यावर रान नाही म्हणून दोर सोडला होता. तो काठी फेकत होता, खंड्या धावत होता. दहा वाजून गेले. मी "पुरे" म्हटलं, थोरलीनेही म्हटलं. मग खंड्या काठी आणायला गेला आणि परत आलाच नाही. एका खडकाच्या वीतभर सावलीत तो आडवा पडला होता. जीभ गडद लाल, लाळ दोरीसारखी चिकट, पोट भात्यासारखं हलत होतं. मी हाताची मागची बाजू खडकावर टेकवली; पाच आकडे मोजेपर्यंत ठेवता आली नाही. याच खडकावरून तो अनवाणी धावत होता. आपल्याला घाम येतो म्हणून आपण निवतो. कुत्र्याच्या अंगाला तसा घाम येत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो आणि एका मर्यादेपलीकडे तेही पुरत नाही. उन्हाच्या झटक्याने कुत्रा तासाभरात मरू शकतो.

आमच्याकडे दोन बाटल्या उरल्या होत्या. मुलांच्या अब्बांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: माचीपर्यंतचा कातळ उतरायचा आहे, मुलं सोबत आहेत, पाणी मुलांचं. उत्तर द्यायची वेळ आली नाही. धाकट्याने एक बाटली उघडली होती. पहिल्यांदा करवंटी भरून त्याच्या तोंडाशी धरली. खंड्या प्यायला नाही. मग मी सांगितलं तसं त्याने पाणी खंड्याच्या पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पंज्यांवर थोडं थोडं ओतलं. थोरलीने ओढणीने वारा घातला. एकदम डोक्यावर पाणी ओतायचं नाही, घशात बळेच घालायचं नाही. मुलगा रडत होता आणि पाणी मोजून ओतत होता. ज्या पोराच्या खिशात दगड सापडायचे, त्याच्या तळहातावर त्या कुत्र्याचा पंजा होता.

बऱ्याच वेळाने खंड्याने मान उचलली आणि करवंटीतलं पाणी चाटलं. आवाज करत, सगळं. धाकट्याने पुन्हा भरलं.

कातळ उतरताना मुलांच्या अब्बांनी त्याला खांद्यावर घेतलं. लाळेचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. आजींच्या अंगणात आल्यावर त्यांनी सदरा काढून धुतला आणि उघड्या पाठीवर टॉवेल घेऊन बसले. आम्हाला दुपारची एसटी गाठायची होती. पण खंड्या म्हशींच्या सावलीत पडला तो उठेना. आजी म्हणाल्या, "त्याला कळतंय, तुमास्नी कळंना. ऊन उतरल्याबिगर कोन जातंय खाली?" एसटी गेली. आम्ही तिथेच थांबलो. चपात्या, सुकं मटण आणि कैरीचं लोणचं काढलं. खंड्याला कोरडी चपाती दिली, हाडं दिली नाहीत. शिजवलेली हाडं फुटून घशात रुततात. कांद्याचं वाटण लागलेलं काही दिलं नाही. कांदा कुत्र्याला बाधतो, द्राक्षं आणि मनुकेही बाधतात. वुजूसाठी आजींनी हंडाभर पाणी पुढे केलं. ते झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं होतं. आम्ही चौघांनी एका लोट्यात भागवलं आणि हंडा परत केला. जुहर तिथे झाली. असर माझी आधी झाली आणि त्यांची नंतर, नेहमीसारखी. दोन्ही होईपर्यंत ऊनही कललं होतं.

उतरताना दोर धाकट्याच्या हातात होता. खरं तर दोराला ताण नव्हताच. रानात एका वळणावर खंड्या थांबला, कान फिरवला. धाकटाही थांबला, मागे वळून आम्हाला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. खूप खाली, झाडांमधून काहीतरी जड हललं. फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि थांबला. गवा असेल. दिसला नाही. आम्ही बराच वेळ हललो नाही.

वाडीत पोचलो तेव्हा मगरिबला थोडाच वेळ होता. मामा वाटेवर येऊन उभे होते. आम्ही उन्हाची गोष्ट सांगितली. त्यांनी खंड्याचे पंजे एकेक करून उलटे करून पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "बेस हाय." धाकट्याने दोर त्यांच्या हातात दिला. त्याला वाटत होतं की खंड्या काहीतरी करेल, निदान शेपूट हलवेल. खंड्या हापशाखालच्या डबक्यात पोटापर्यंत जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.